हातातला क्लच

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या जीपचा विमा इतकी वर्षं भावकीतले एक काका उतरवत होते. उतरवत होते म्हणजे काय, तर एका सकाळी ते यायचे, ओट्यावर बसून चहा घ्यायचे, कुणाची जमीन कुठल्या बिल्डरने घेतली यावर तासभर बोलायचे आणि उठता उठता म्हणायचे, गाडीचं तेवढं मागल्यासारखंच करून टाकतो. मधल्या काळात ती गाडी कुठल्या कुठे जाऊन पोचली होती, पण विम्याला त्याचा पत्ताच नव्हता. यंदा काकांनी विम्याचं काम सोडलं आणि प्लॉटिंगचं सुरू केलं. मग आईचा मला फोन आला. मी सूसला राहते, हिंजवडीत नोकरी करते, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसते, म्हणजे विमा मला येत असणारच, अशी तिची समजूत.

मला विम्यातलं काही कळत नव्हतं, पण तुलना करायची मला खोड आहे. घरात कुकर आणायचा तरी मी महिनाभर वाचत बसते, आणि शेवटी नवरा वैतागून कोपऱ्यावरच्या दुकानातून कुठलातरी घेऊन येतो. जीपच्या निमित्ताने माझ्या या खोडीला पहिल्यांदाच कुणीतरी काम दिलं होतं. शनिवारी सकाळी मी कॉफी घेऊन बसले, विम्याची तुलना करून देणारं एक संकेतस्थळ उघडलं, गाडीचा नंबर टाकला, आणि तिसऱ्याच प्रश्नाला अडले. गाडीत काही बदल केलेले आहेत का? हो किंवा नाही.

आता काय सांगायचं? आमचं शेत कासारसाईच्या धरणाच्या पलीकडच्या अंगाला आहे. तिकडे जायला वाट आहे, पण ती मुळात ओढ्याची आहे, आणि ओढा ती आम्हाला उन्हाळ्यापुरतीच वापरायला देतो. त्यामुळे जीपला आधी मोठे टायर आले. टायर बसेनात म्हणून जीप खालून उचलून घेतली. उचलली म्हणून चढायला पायरी आली, पायरीला धरायला पाइपचा दांडा आला. चिखलात रुतली तर ओढून काढायला पुढच्या बाजूला विंच आलं. जवळच्या जांबे गावात आमच्या भाड्याने दिलेल्या खोल्या आहेत, तिथल्या भाडेकरूंचं सामान पोचवायला वर कॅरिअर आलं. कंपनीने बनवलेली जीप त्यात कुठेतरी असेल, पण ती शोधावी लागली असती.

शेवटचा बदल म्हणजे क्लचचा दांडा. गिअरच्या शेजारी एक हाताने ओढायचा दांडा, त्याला तार, आणि तारेचं दुसरं टोक खाली क्लचच्या पेडलला. दांडा ओढला की पेडल आपोआप खाली जातं. हे काम मुख्य रस्त्यावरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने केलं. ग्रिल, गेट, पाण्याच्या टाकीचे स्टँड हे त्याचं नेहमीचं काम. त्याने मापं घेतली आणि कशासाठी म्हणून एका शब्दानेही विचारलं नाही.

कारण त्याला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. आप्पांचा डावा पाय साखरेने गेला. आधी बोट, मग पंजा, मग गुडघ्याच्या खालपर्यंत. हॉस्पिटलातून ते कृत्रिम पाय घेऊन घरी आले, आणि पहिल्या दिवसापासून त्या पायाला घरात "बूट" म्हणायची पद्धत पडली. ती कुणी पाडली ते सांगता येणार नाही. आई विचारायची, बूट घातला का? आप्पा म्हणायचे, बूट चावतोय आज. जन्मभर धोतर नेसलेला माणूस एका आठवड्यात फुलपँटवर आला, आणि गाडी चालवणाऱ्याला पँटच बरी असं चार जणांना सांगून मोकळा झाला. चार जणांनी मानही डोलावली. आमच्या गावात तुमचा पगार किती, सुनेला दिवस गेले का, जमिनीचे आलेले पैसे कुठल्या बँकेत टाकले, हे सगळं रस्त्यात उभं करून विचारतात. पण आप्पांच्या पायाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पाय हा शब्दच आमच्या घरापुढून जाताना आवाज खाली घ्यायचा.

आप्पांचा स्वभाव तसाच. ज्यांनी कधी कुणाच्या दारी उसनं मागायला वाटीही नेली नाही अशा माणसांपैकी ते. मला त्यांचा अभिमान वाटायचा आणि तितकाच रागही यायचा, आणि दोन्ही एकाच वेळी आले की मी फार वाईट बोलते.

तर हा दांडा. गाडी ऑफरोडची आहे असं आप्पा लोकांना सांगायला कसे लागले, ती एक गंमतच झाली. रविवारी पुण्याहून आणि हिंजवडीतून हौशी लोक मोठमोठ्या गाड्या घेऊन धरणामागच्या वाटांवर चिखल उडवायला येतात. ज्या वाटेने जाताना आम्ही सरकारला शिव्या देतो, त्याच वाटेसाठी ते पेट्रोल जाळून येतात. एकदा त्यांतली एक जीप आमच्या बांधाशी रुतली. आप्पांनी विंच लावून ती काढून दिली. मग सगळे जण आप्पांच्या जीपभोवती जमले, खाली वाकले, फोटो काढले. जीपवाला हिंजवडीत नोकरी करणारा, तिशीतला, लग्न झालेला माणूस होता. त्याने क्लचचा दांडा पाहिला आणि विचारलं की काका, हा कशासाठी?

मी तिथे नव्हते, आईने मला नंतर सांगितलं. आप्पा म्हणाले, चढावर पाय दमतो, हातात क्लच असला की गाडी मुंगीसारखी चढती.

त्या माणसाने महिन्याच्या आत त्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून तसाच दांडा करून घेतला. "काकांसारखा" अशी ऑर्डर होती म्हणे. दोन धडधाकट पाय असलेल्या माणसाला तो कशाला हवा, हे फॅब्रिकेशनवाल्याने त्यालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर आप्पांचा विषय निघाला असता. हे कळलं तेव्हा मी हसून हसून बेजार झाले. आई मात्र हसली नाही.

विम्याकडे परत येते. मी बदलांपुढे "हो" वर टिचकी मारली, आणि तेव्हापासून निरनिराळ्या कंपन्यांतून फोन सुरू झाले. सगळ्या मुली गोड हिंदीत बोलणाऱ्या, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच. सर गाडी ऑफरोड चालवतात का? म्हणजे रस्ता सोडून? मी म्हटलं, कुठला रस्ता? आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत पाइपलाइनसाठी खणून ठेवलंय, पुढे पुलाचं काम आहे. रस्ता न सोडता गाडी चालवली तरी ती ऑफरोडच चालते.  पलीकडच्या मुलीने समोरच्या कागदावरचा तोच प्रश्न पुन्हा वाचला.

हळूहळू मला फरक कळायला लागला. सगळ्यांत स्वस्त कंपनी दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणार होती, आपलं झालं तर आपलं नशीब. दुसरी आपलंही भरणार होती, पण मोठे टायर आणि विंच सोडून, म्हणजे जी गाडी आता अस्तित्वात नाही तिचं. तिसरी विंच धरत होती, पण इंजिनात पाणी गेलं तर वेगळा हप्ता. ओढ्यातून जाणाऱ्या गाडीला पाणी हा वेगळा विषय कसा काय, असं मी विचारलं तर म्हणाली, मॅडम, तो ॲड-ऑन आहे. चौथी, सगळ्यांत महाग, सगळंच धरायला तयार होती. अट एकच, त्यांचा सर्व्हेअर येऊन गाडी डोळ्यांनी बघणार आणि प्रत्येक बदल कशासाठी केलाय ते लिहून नेणार.

त्या चौथ्या कंपनीच्या मुलीला मी एकेक बदल सांगितला, तेव्हा तिने फोनवरच विचारलं की क्लचचा दांडा कशासाठी आहे, ड्रायव्हरला काही प्रॉब्लेम आहे का? मी फोन कट केला. घरचे संस्कार असे ऐन वेळी उपयोगी पडतात.

पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून त्या रात्री सगळं नीट वाचून काढलं. नियम सरळ होता. शरीराच्या अडचणीमुळे गाडीत असा बदल केला असेल तर डॉक्टरांचा दाखला घ्यायचा, आर.टी.ओ.त गाडीची आणि लायसन्सची नोंद करून घ्यायची आणि विमा कंपनीला तसं कळवायचं. मग हप्त्यात उलट सूट मिळते. आणि कळवलं नाही, आणि काही झालं, तर कंपनी हात वर करायला मोकळी. आप्पा रोज गाडी काढतात. बाजाराला जाताना आई शेजारी बसते, खोल्यांवर जाताना एखादी भाडेकरू बाई लेकरू घेऊन मागे बसते. तार तुटली किंवा हात सुटला तर? मला खरोखर भीती वाटली. इतका वेळ मी टायर आणि विंच यांची तुलना करत बसले होते, आणि खरी तुलना दोनच गोष्टींची होती. एकीकडे त्या गाडीत बसणारी माणसं, दुसरीकडे आप्पांनी तोंडाने म्हणायचं एक वाक्य.

रविवारी मी गावी गेले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, तूच बोल, मला भाकरी टाकायच्यात. आप्पा ओट्यावर पेपर वाचत होते.

"आप्पा, त्या क्लचच्या दांड्याची नोंद करावी लागणार आहे," मी म्हटलं.

"कर की. लिव, ऑफरोडचा हाय."

"खोटं लिहिलं आणि काही झालं, तर कंपनी एक पैसा देणार नाही. शेजारी आई बसलेली असते."

त्यांनी पेपर खाली घेतला नाही. "मग दुसरी कंपनी बघ. जी इचारत न्हाई ती."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुलना त्यांनीही करून ठेवली होती. मी चार कंपन्यांचे आठ निकष घेऊन बसले होते, त्यांच्याकडे एकच होता आणि तो माझ्या आठांपेक्षा पक्का होता. मी चिडले. म्हटलं, आप्पा, सगळ्या गावाला माहीत आहे, लपवता कुणापासून? आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून हेही सांगितलं की खरं लिहिलं तर सूट मिळते. मला वाटलं, शेतकऱ्याला पैशाचं कळेल. आप्पांनी पेपरची घडी घातली.

"मी कुनाकडं सूट मागाया गेलोय?" ते म्हणाले. मग उठले, काठी न घेता पायऱ्या उतरले, आणि थोड्या वेळाने जीप चालू झाल्याचा आवाज आला. जेवायलाही आले नाहीत. आई म्हणाली, झालं समाधान? मी न जेवता सूसला परत आले, आणि घाटवळणावर माझा स्वतःचा क्लच दोनदा चुकला, इतकी मी तणतणत होते.

शेवटी मी चौथी कंपनी धरली. मनात असं की सर्व्हेअर येईल, बघेल, जे काय विचारायचं ते तो विचारेल. मी नाही विचारणार, मी नाही सांगणार. बदलांच्या यादीत "क्लच लिव्हर" एवढंच लिहिलं. आप्पांना फोनवर कळवलं की एक माणूस गाडी बघायला येणार आहे. ते म्हणाले, येऊ दे, चा पिऊन जाईल.

सर्व्हेअर आला तो रविवारीच, म्हणून मीही गावी होते. पोट सुटलेला, शांत, सावकाश बोलणारा माणूस. तो अनेक कंपन्यांची कामं घेतो हे मला तेव्हा कळलं, कारण त्याच्या गाडीतून दुसऱ्या दाराने तो हिंजवडीतला जीपवाला उतरला. आप्पांना बघून त्याचा चेहरा असा खुलला की जणू कोर्टात आपला साक्षीदार वेळेवर हजर झाला.

झालं होतं ते असं. त्याची जीप मुळशीकडच्या एका कच्च्या चढावर मागे घसरली. एक हात स्टिअरिंगवर, एक दांड्यावर, आणि डावा पाय जन्माच्या सवयीने पेडल शोधत राहिला. या तिघांचं एकमत होईपर्यंत जीप चरात गेली आणि दगडावर आपटली. त्याचा विमा दुसऱ्या कंपनीचा. ती म्हणे, हा दांडा तुम्ही कळवला नव्हता, आणि तो कशासाठी? त्याने सांगितलं की या भागात चढाला सगळे वापरतात, कासारसाईच्या एका काकांनी मला सांगितलं. तो क्लेमही याच सर्व्हेअरकडे आला. आमच्या अर्जावर कासारसाईचा पत्ता आणि क्लच लिव्हर दिसल्यावर त्याने दोन कामं एका फेरीत उरकायचं ठरवलं.

आप्पांनी त्यांना टायर दाखवले, विंच फिरवून दाखवलं, कॅरिअरवर किती पोती बसतात ते सांगितलं. सर्व्हेअरने मोबाइलवर फोटो काढले. मग दार उघडून तो आत वाकला, दांड्याचा फोटो काढला आणि ओट्यावर येऊन बसला.

"काका, हा दांडा इथे चढाला वापरतात असं हे म्हणतात. तुम्हीच सांगितलंत म्हणे. मला दोन्ही गाड्यांना एकच कारण लिहावं लागेल, म्हणून विचारतो."

जीपवाला आप्पांकडे बघत होता. आप्पांनी नुसतं "व्हय" म्हटलं असतं तरी चालणार होतं. आमचा विमा त्याच दिवशी झाला असता, त्या माणसाचं घोडंही थोडं पुढे सरकलं असतं, आणि चहा पिऊन सगळे आपापल्या घरी गेले असते. आई दारात कपांचा ट्रे घेऊन उभी होती. ती पुढे आली नाही.

 आप्पांनी जीपवाल्याकडे वळून विचारलं, "तुला लागलं का रं?"

"नाही काका, मला काही नाही."

"शेजारी कोन व्हतं?"

"बायको होती. तिचं मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय."

 आप्पांनी एकदा दाराकडे, आईकडे पाहिलं. उठले, जीपपर्यंत गेले आणि तिच्या पायरीवर बसले. मला वाटलं, ते आणखी काहीतरी दाखवणार. त्यांनी वाकून डाव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, पट्टे सोडले आणि बूट काढून शेजारी ठेवला.

मी तो पाय कधी पाहिला नव्हता. हॉस्पिटलात चादर असायची, घरी दार लावलेलं असायचं. गुडघ्याखाली वीतभर, आणि पुढे काही नाही. कातडी ताणलेली, टोकाशी बूट चावल्याचे लाल व्रण. हा माणूस रोज त्या व्रणांवर चढून शेतात जात होता आणि आम्हाला पँटचं कौतुक सांगत होता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. आईने ट्रे तिथेच उंबऱ्यावर ठेवला.

"लिवा सायेब," आप्पा म्हणाले. "पाय न्हाई म्हनून दांडा हाय. चढाचं म्या ह्याला खोटं सांगितलं."

सर्व्हेअरने मोबाइल खिशात घातला आणि पेन काढलं. सावकाशपणे विचारलं, की मग ह्यांच्या क्लेममध्ये काय लिहू?

"लिवा की एका म्हाताऱ्यानं फसवलं. सही म्या करतो."

सर्व्हेअर म्हणाला, लिहितो, पुढे कंपनी काय करेल ते मी सांगू शकत नाही. आप्पांनी मान हलवली. जीपवाला उभ्या जागी खिळला होता. त्याला क्लेमचं काही सुचत नसावं. तो त्या पायाकडे बघायचा, मग नजर वळवायचा, मग पुन्हा बघायचा. माफी त्याने मागायची की आप्पांनी, हे बहुधा त्याला कळत नव्हतं. "काका, मला माहीत नव्हतं," एवढंच तो म्हणाला.

आप्पांनी बूट पुन्हा चढवला नाही. पँटही खाली केली नाही. डॉक्टरांच्या दाखल्यासाठी कुठल्या वारी जायचं ते मला विचारलं, आणि मग त्या माणसाला हाताने जवळ बोलावलं.

"तुला दोन्ही पाय हायेत, बाबा," ते म्हणाले. "तो दांडा आजच काढून टाक."